एक बोट जास्त

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लोला मेत्रिंगच्या, म्हणजे मेत्रिंगआजीच्या, अंगणात पायांची रांग लागे. पोरांची म्हणायला हवी, पण लोलाला पोरांच्या तोंडांशी काही घेणंदेणं नसे. नाताळला घरी आलेली माणसं मिलानला कामावर परतायच्या आत गावातल्या प्रत्येक पोराच्या पायाचं माप कुणाच्या तरी सामानात जायला हवं असे, आणि ते काढायचं ते लोलानंच, असा गावाचा हट्ट होता.

तिची पद्धत ठरलेली. दुपारी चारनंतर यायचं, कारण सकाळचा पाय आखडलेला असतो. बसून पाय पुढं केलेला चालणार नाही, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा खाली ठेवून ती पेन्सिल काठीसारखी सरळ धरी आणि टाचेपासून सुरुवात करून पुन्हा टाचेशी येई. मग अंगठ्यापुढं स्वतःचं एक बोट आडवं ठेवून तेवढी रेघ पुढं सरकवी. हे बोट मिलानहून सामान भरून येणाऱ्या पेटीच्या प्रवासाचं. जोडे विकत घेतले जाणार, पेटी भरेपर्यंत कोपऱ्यात पडून राहणार, मग दोन महिने समुद्रावर, मग मनिलाच्या गोदीत. तोवर पोराचा पाय काय हात जोडून वाट बघत बसतो? ज्या पोराची मावशी किंवा आई सवलतीचा सेल लागायची वाट बघणारी असे, त्याला लोला दीड बोट देई. कोण किती चेंगट आहे, हे तिला पाठ होतं. पुठ्ठा कापून, त्यावर नाव घालून ती तो पाकिटात टाकी. तिकडच्या बाया तो पुठ्ठा दुकानात नेऊन जोड्यात सरकवून बघत. तीस वर्षांत तिचं माप चुकल्याची तक्रार आली नव्हती. मोबदला म्हणून कुणी केळीच्या पानातला सुमान, चिकट भाताचा गोड वळा, आणून दिला तर ती घेई, नाही दिला तर पुढच्या वर्षी त्या घराला रांगेत शेवटी उभं करी.

तिची स्वतःची लेक नेरिसा नऊ वर्षांपूर्वी मिलानला गेली, एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायला. मुलगी जोनालिन तेव्हा तीन वर्षांची होती. पोरीचा बाप आधीच दुसरीकडे संसार थाटून बसला होता, त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. निघताना नेरिसानं चर्चला घालायचे आपले काळे जोडे कपाटात ठेवले आणि पोरीला सांगितलं, "हे तुझ्या पायाला बसले की मी तुला बोलावून घेईन." रडतं पोर गप्प करायला माणूस काहीही बोलतो. पण पोरं असली बोलणी विसरत नाहीत, आणि आज्या तर मुळीच नाहीत.

दर वाढदिवसाला जोनालिन त्या जोड्यांत पाय घालून बघे. सुरुवातीला तो खेळ होता. ती त्यांत फटक फटक करत घरभर फिरे आणि लोला पोट धरून हसे. दहाव्या वर्षी लोलानं तिच्या पायाचं माप काढलं, बोट वाढवलं, पुठ्ठा कापला आणि सहज म्हणून नेरिसाच्या जोड्यात घालून पाहिला. पुठ्ठा आत चपखल बसला. लोला बराच वेळ तो जोडा मांडीवर घेऊन बसली. मग तिनं कात्री घेतली आणि ते बोट कापून टाकलं.

तिथून पुढं दर खेपेला हेच. बोट द्यायचं नाही, हे तर ठरलंच. नंतर नंतर पेन्सिलही आतल्या बाजूला कलायला लागली. जोडे यायचे, पोरीला रुतायचे. लोला म्हणायची, चामडं आहे, वापरलं की सैल होतं. कपाटाची किल्ली हरवली असंही तिनं एका वाढदिवसाला सांगितलं. ती किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात देवाच्या बिल्ल्याशेजारी लटकत होती. जोनालिननं दोऱ्याकडं पाहिलं आणि ती केक खायला बसली. लोला दुष्ट नव्हती. तिला त्या घरात एकटीसाठी भात टाकायचा नव्हता, एवढंच.

हे आणखीही चाललं असतं, पण मे महिन्यात मारियामातेच्या फुलांची मिरवणूक आली. जोनालिन बारा वर्षांची झाली होती आणि मिरवणुकीत पांढरा झगा घालून चालायचा मान तिला मिळाला होता. नवे पांढरे जोडे त्याच आठवड्यात पेटीतून आले होते. चर्चपासून बाजारापर्यंत पोर चालली. बाजाराशी तिनं जोडे काढून हातात घेतले आणि उरलेला रस्ता तशीच चालली. मोज्यांच्या टाचा लाल झाल्या होत्या. रस्त्याकडेच्या सगळ्या गावानं ते पाहिलं. शेजारची बेलेन तर ऐन मिरवणुकीत लोलाजवळ येऊन म्हणाली, "काय हो लोला, गावाच्या पोरांना बोट देता आणि घरच्या पोरीचं कापता?"

बेलेन थट्टाच करत होती, पण लोलाला आधी मिलान आठवलं. बेलेनची बहीण मिलानलाच होती, नेरिसाच्या शेजारच्या गल्लीत. बेलेनच्या तोंडात तीळ भिजत नाही हे लोलाला ठाऊक होतं. त्या बहिणीची मुलगी त्रिना जोनालिनच्याच वयाची, तिच्याही पायांचं माप लोलानंच काढलेलं, एक बोट वाढवून.

रविवारी संध्याकाळी नेरिसाचा फोन यायचा. लोलानं तोवर उत्तरं तयार करून ठेवली होती. पुठ्ठा दमट हवेत आकसतो. दुकानदार फसवतात. पोरीचा पाय एकाएकी वाढला. जोनालिन शेजारी टीव्ही बघायला गेली होती, ते एक बरं झालं.

"इनाय, जोनालिनच्या टाचा सोलल्या म्हणे," नेरिसा आईला म्हणाली.

"मिरवणूक लांब होती."

"मिरवणूक दर वर्षी तेवढीच असते."

लोलानं पुठ्ठ्याच्या दमटपणाची गोष्ट काढली. नेरिसानं ती पुरी होऊ दिली आणि मग शांतपणे म्हणाली, "इथं आम्ही सगळ्या रविवारी बागेत बसून पाकिटं एकत्रच फोडतो, इनाय. पुठ्ठे एकमेकांवर ठेवून बघतो, कुणाचं पोर किती वाढलं. त्रिनाचा पाय पुढं पुढं जातोय आणि जोनालिनचा आहे तिथंच. दुसऱ्या जोडापासून ठाऊक आहे मला."

लोलानं विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तोच पुठ्ठा घेऊन मी दुकानात जात होते आणि तेवढेच जोडे घेत होते. म्हातारीच्या स्वयंपाकघरामागं माझी एक खाट होती. पोर मोठी झाली असती, तर तिला निजवलं कुठं असतं?"

मग नेरिसानं सांगितलं की आता दोन खोल्या मिळाल्या आहेत, कागदपत्रं झाली आहेत, जुलैत पोरीला विमानात बसवायचं. लोलानं एवढंच विचारलं, की मग आता माप कधीपर्यंत पाठवू.

"माप नको आता," नेरिसा म्हणाली. "ती आली की दुकानात पायात घालूनच घेऊ."

दुसऱ्या दिवशी लोलानं पोरीला फोनवरचं सगळं सांगितलं, गळ्यातला दोरा काढला, कपाट उघडलं आणि काळे जोडे पोरीपुढं ठेवले. जोनालिननं पाय घातला. अंगठा आत दुमडला, टाच बाहेरच राहिली.

"हे गेल्या वर्षी बसत होते," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा किल्ली घेऊन बघितले होते."

लोलानं काल लेकीला विचारलं तेच नातीला विचारलं. बोलली का नाहीस?

"तुम्ही मग जेवला नसतात," जोनालिन म्हणाली आणि जोडे परत कपाटात ठेवू लागली.

लोलानं चार वाजायची वाट पाहिली. मग पुठ्ठा आणला, पोरीला अंगणात उभं केलं, दोन्ही पायांवर भार दे म्हणाली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पेन्सिल सरळ धरली. जोनालिननं विचारलं, आई तर माप नको म्हणाली ना, मग हे कशाला?

"चपलांसाठी. तू सुट्टीत येशील तेव्हा दाराशी तुझ्या चपला नकोत?"

रेघ टाचेशी येऊन मिळाली. लोलानं अंगठ्यापुढं सवयीनं एक बोट आडवं ठेवलं. मिलानहून पंधरा दिवसांची सुट्टी मिळायला नेरिसाला पाच वर्षं लागली होती. लोलानं त्या बोटाशेजारी दुसरं बोट ठेवलं आणि रेघ तिथं ओढली.