आवाजाची वेगळी रांग

ऑफिसच्या नेटवर्कमधून काय आधी जाणार आणि काय मागे थांबणार हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत बसून मी एवढंच करत आलोय. ईमेल, फायली, व्हिडिओ, फोनवरचं बोलणं, सगळं एकाच वाटेनं जातं. ईमेल जरा उशिरा पोचली तर कुणाचं काही बिघडत नाही. बोलण्याचे मात्र बारीक तुकडे होऊन जातात आणि उशिरा आलेला तुकडा टाकूनच द्यावा लागतो. वाक्याला तिथं भोक पडतं. म्हणून आवाजाच्या तुकड्यांवर खूण करायची आणि त्यांना वेगळ्या रांगेतून आधी सोडायचं. ही रांग मुद्दाम अरुंद ठेवतात, आणि तिच्यात गर्दी झाली की जास्तीचं सरळ फेकलं जातं. यात न कळण्यासारखं काय आहे? पण आमच्या साहेबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या मजल्यावर एका विमा कंपनीचे फोन घेतले जात. मराठी ग्राहकांच्या टेबलावर दुपारच्या पाळीला एक बाई बसायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे कानडी मुलखात आलेलं. इथल्याच शिवाजीनगरला बाजाराच्या मागे त्या आणि त्यांची म्हातारी आई अशा दोघीच राहायच्या, आणि घर अक्कांच्या पगारावर चालायचं. मी नाशिकचा. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं होतं, आणि नंतर ती इतकी आवडायला लागली की मी काम नसतानाही त्यांच्या टेबलापाशी घुटमळायचो.

"काय अण्णा, आज लाइन सरी आहे की नाही?" त्या विचारायच्या. ठीकला त्या कानडीसारखं सरी म्हणायच्या.

कुणा बाईचा नवरा गेलेला असला, तर पॉलिसीचा नंबर विचारण्याआधी अक्का तिचं सगळं ऐकून घ्यायच्या. मजल्यावर हे दुसरं कुणीच करत नव्हतं.

मग तक्रारी यायला लागल्या. बाई काय बोलतात ते समजत नाही म्हणे. साहेबांनी तिथल्या तिथे निदान केलं, "उनकी मराठी शुद्ध नहीं है." मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसानं हे सांगावं! माझं डोकंच फिरलं.

मी अक्कांच्या कॉलची रेकॉर्डिंग काढून ऐकली. त्यांच्या वाक्यांची चाळण झाली होती. अर्धा शब्द, मग शांतता, मग पुढच्या वाक्याचं शेपूट. सगळ्या तक्रारी दुपारच्याच होत्या, आणि दुपारी साहेब लोकांच्या व्हिडिओ मीटिंग चालायच्या. झालं होतं असं, की परदेशी क्लायंटसमोर साहेबांचा चेहरा एकदा पडद्यावर अडकला होता. त्यांनी आपला व्हिडिओ आवाजाच्या रांगेत घालायला लावला. मी हात जोडून नको म्हटलं, तर वरून हुकूम आला. मग बाकीच्या साहेबांनाही तीच रांग हवी झाली. ते धूड तिथं शिरल्यावर बोलण्याला जागा कुठून उरणार?

मी सगळे आलेख घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी ते नीट पाहिलेही नाहीत. "तो क्या मेरा वीडियो निकाल दें?" असं म्हणून ते हसले. "प्रॉब्लेम अ‍ॅक्सेंट का है, नेटवर्क का नहीं."

अक्कांना सांगितलं तर त्यांनाही पटेना. "तुम्ही माझं मन राखायला सांगताय, अण्णा. इतकी माणसं खोटं कशाला बोलतील?" जेवणाच्या सुट्टीत त्या मला विचारायला लागल्या, हे तुमच्या नाशकात कसं म्हणतात, ते कसं म्हणतात. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं. काही बदलू नका म्हणून मी कानीकपाळी ओरडलो. त्या ऐकेनात. फोनवर शब्द तोलून बोलायला लागल्या, अडखळायला लागल्या, आणि तक्रारी वाढल्या. शेवटी त्यांना काढलं.

त्यांच्या जागी पुण्याची एक मुलगी आली. तिची मराठी अगदी खणखणीत. थोड्याच दिवसांत तिच्याबद्दलही त्याच तक्रारी, शब्दाला शब्द त्याच. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. साहेब म्हणाले, मराठी लोग बहुत शिकायत करते हैं, आणि ते टेबलच बंद करून टाकलं. व्हिडिओ अजून त्याच रांगेत आहे.

परवा मल्लेश्वरमच्या बाजारात अक्का दिसल्या, बरोबर त्यांची आई. मी धावतच गेलो.

"नमस्कार सर. आपण कसे आहात?" त्यांनी विचारलं.

अण्णाचा सर झालेला पाहून मला कसंसंच झालं. मी घाईघाईनं त्या पुण्याच्या मुलीचं सगळं सांगितलं. म्हटलं, बघा, लाइनच खराब होती, तुमची काही चूक नव्हती.

"असू द्या सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी भाषा अशुद्धच होती."

त्यांच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. लेकीच्या जुन्या ऑफिसातलं माणूस भेटलं म्हणून त्या खुशीत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "अण्णा, घराला या की. स्वल्प कॉफी पिऊन जा."

"अम्मा," अक्का हळूच म्हणाल्या, "स्वल्प नाही. थोडी म्हण. लोक हसतात."

म्हातारीनं लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात सोडला. मी तिथून निघेपर्यंत त्या पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत.