न मागता परत केलेली अमानत

अब्बास कुवेतच्या गोदामात कंप्युटरवर बसायचा. गुडघे गेले तसा आपल्या गावी, तुडीलला परतला आणि महाडच्या बाजारात मोबाईलचं दुकान टाकलं. गावातले नवरे आखातात. बँक, व्हिसा, वीजबिल सगळं बायकांच्या मोबाईलवर, आणि पासवर्ड कुणाच्याच ध्यानात नाही. अब्बासनं पासवर्ड सांभाळणारं एक फुकट ॲप उचललं, इंग्रजीच्या जागी मराठी घातली, आणि सगळ्यांच्या पासवर्डांची तिजोरी दुकानातल्या कंप्युटरवर ठेवली.

"ह्याचं आतलं यंत्र उघडं हाय," तो सांगायचा. "कुणीबी बगावं, कुणीबी बदलावं."

बायकांना यंत्राचं काय! त्यांनी भरवसा ठेवला तो अब्बासवर.

मग मूळ कंपनीनं परवाना बदलला. आतला मुख्य भाग फक्त आमच्याच ॲपमध्ये चालवायचा, दुसऱ्या कशात नाही. अब्बासचं मराठी ॲप एका दिवसात बेकायदा. जुनंच रेटता आलं असतं, पण त्याला पुढची डागडुजी मिळणार नव्हती. भोक पडलं तर बुजवणार कोण? दुकान बंद ठेवून तो दारोदार फिरला. "पासवर्ड बदला. नवा मला सांगू नका. तुमची अमानत तुमच्याकडं."

आता गावात अमानत मागितल्याशिवाय कुणी परत करत नाही. केलीच, तर डब्यातलं काहीतरी कमी झालंय असंच समजतात.

साकिबची बायको सलमा दारातच उभी राहिली. "चाचा, खरं सांगा. किती गेले?"

"एक पैसा नाय गेला गो. परवाना बदलला कंपनीनं."

"परवाना बंदुकीला असतो. पासवर्डाला कसला परवाना?"

आतून सासू ओरडली, "इचार त्याला, कुवेतवरनं बी मधीच का आला ते!"

संध्याकाळी कतारहून साकिबचा फोन आला. "चाचा, मी तुमाला कायबी बोलनार नाय. फक्त माज्या घरी जाऊ नका."

दुकानात गिऱ्हाईक फिरकेना.

पुढं जगभर ओरड झाली आणि कंपनीनं तो बदल मागं घेतला. एसटीच्या थांब्यावर सलमा दिसली तशी अब्बासनं घाईघाईनं सांगितलं, "त्या ॲपचं यंत्र उघडं झालं गो परत. आता काय अडचन नाय."

"र्‍हाऊ द्या. आमी आता सगळे पासवर्ड व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून ठेवतो."

"ग्रुपवर? किती मानसं हायत त्यात?"

"सगळी आपलीच."

"पुसून टाक गो ते. आत्ताच्या आत्ता."

सलमानं मोबाईल ओढणीखाली धरला. "तुमालाच कशी येवढी काळजी?"

एसटी आली. सलमा चढली. अब्बास चढला नाही, दुखरे गुडघे घेऊन चालतच निघाला.