चिखल पोटाला की पायाला

गुरुवारी दुपारी पुण्याहून शिंद्यांचा फोन आला, तेव्हा रविवारच्या पुस्तकाचं पहिलं पान माझ्या टेबलावर प्रूफला होतं.

“मॅडम, दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. मैदानात बूट रुततोय. डिमेलोसाहेबांना सांगा.”

सांगणार कसं? डिमेलोसाहेब कावीळ होऊन अंधेरीच्या हॉस्पिटलात पडले होते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. घाटकोपरच्या एका छापखान्यात मी प्रूफरीडर होते. आम्ही रेसचं पुस्तक छापायचो. पुस्तक म्हणजे छोटीशी पुस्तिका. कुठल्या रेसमध्ये कोणते घोडे, कोणाच्या पाठीवर किती वजन, मागच्या वेळी कोण कितवा आला, हे सगळं त्यात. पहिल्या पानावर प्रत्येक रेसमध्ये कोण जिंकेल त्याचा अंदाज. त्याला सिलेक्शन म्हणतात. सिलेक्शन डिमेलो करायचे, खाली नाव छापायचो ‘पारखी’. पावसाळ्यात रेस पुण्याला व्हायच्या. मुंबईचे शौकीन महालक्ष्मीला जमून लाउडस्पीकरवर कॉमेंट्री ऐकायचे. माझी आई मुलुंडला शेजारणींना सांगायची, आमची मुलगी शाळेची पुस्तकं तपासते.

मी पान घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ म्हणजे छापखान्याचे मालक.

“शेठ, ही सिलेक्शनं साहेबांनी पाऊस पडायच्या आधी दिलीत. कोरड्या मैदानाची आहेत.”

“तो काय झाला? घोडा तोच, मैदान तेच.”

“मैदान तेच नाही. गेल्या दोन रविवारी पण असंच झालं. पारखीचे घोडे मागे राहिले.”

हे त्यांना लागलं. त्या दोन आठवड्यांत पुस्तकांचे गठ्ठे परत आले होते. त्यांनी चष्मा काढला.

“तुला काय समजतं यातलं?”

मी वही पुढे केली. दर सोमवारी निकालाची प्रूफं वाचता वाचता मी पावसाच्या दिवसांच्या रेस वेगळ्या उतरवून ठेवायचे. कोणी सांगितलं नव्हतं. आकडे दिसले की मला राहवत नाही. पाच वर्षांत त्यातून दोनतीन गोष्टी दिसायला लागल्या होत्या. ज्या घोड्याला एकदा ओलं मैदान मानवलं, त्याला बहुतेक पुन्हा मानवतं. चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. त्याला हँडिकॅप म्हणतात. कोरड्यात ते वजन खपून जातं, चिखलात दुप्पट वाटतं. आणि कोरड्या मैदानावर घड्याळाने मोजलेली वेळ अशा दिवशी काही कामाची नसते.

शेठनी वही चाळली. “रेसकोर्सवर किती वेळा गेलीस?”

“एकदापण नाही.”

ते हसले नाहीत. वही परत देत म्हणाले, “दोन रेस तुझ्या. तिसरी आणि सहावी. बाकी डिमेलोच्या. चुकलीस तर परत प्रूफं. आणि पारखीचं नाव खराब झालं, तर प्रूफं पण नाही.”

संध्याकाळी बसने मी अंधेरीला गेले. साहेबांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी वही वाचली आणि उशीला टेकून बसले.

“चांगली आहे बाय. पण वहीत पाय दिसत नाय.”

“कसले पाय?”

“आमच्या गोराईला ये, भाताच्या लावणीच्या टायमाला बैल बघ. एक बैल चिखलात पाय टाकतो नि उचलतो. दुसरा टाकतो नि रुतवतो. दोघांची ताकद सारखी. घोड्याचं तेच हाय. शिंदेला सांग, उद्या सकाळी घड्याळ खिशात ठेव. पाय बघ.”

शिंदे आमचे पुण्याचे माणूस. रोज सकाळी घोडे सरावाला निघाले की कुंपणाशी उभे राहून घड्याळावर त्यांच्या वेळा मोजायचे. घड्याळ खिशात ठेवायला सांगितलं तर ते वैतागले. पण शुक्रवारी दहा वाजता त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता.

“मॅडम, तिसऱ्या रेसचा नॉर्थ विंड पाय बरा उचलतो. पण सुटतो फार मागून.”

“आणि सहावीत?”

“सहावीत एक घोडी आहे, क्वाएट लेडी. बाकीचे सगळे पोटापर्यंत चिखलाने माखून आले हो. हिचे फक्त पाय मळलेत! चिखल तिला धरतच नाही.”

“आणि सिल्व्हर लान्सर?” सहावीत साहेबांनी निवडलेला घोडा हा. सगळ्यांचा आवडता, आणि पाठीवर सगळ्यात जास्त वजन.

“वळणावर दोनदा घसरला.”

मशीन दोन वाजता सुरू होणार होतं. नॉर्थ विंड वहीप्रमाणे बरोबर होता. ओल्यात आधी जिंकलेला, वजन कमी. तो मी डोळे मिटून लिहिला. शिंद्यांचं ‘फार मागून’ मी ऐकलं आणि सोडून दिलं. क्वाएट लेडीपाशी मात्र हात अडला. ती ओल्यात कधी पळालीच नव्हती. वहीत तिच्यासमोर काहीच नव्हतं. होतं ते एका माणसाने पाहिलेलं पोट. पावणेदोनला मी तिचं नाव लिहून पान खाली पाठवलं आणि कंपोझिटरने त्या नावाचे खिळे जुळवेपर्यंत तिथेच उभी राहिले.

रविवारी शेठ म्हणाले, “चल, स्वतः ऐक.”

तर मी पहिल्यांदा रेसकोर्स पाहिला, तो असा. महालक्ष्मीचं मैदान रिकामं, एकही घोडा नाही. छत्र्या घेतलेली माणसं लाउडस्पीकरखाली उभी. कित्येकांच्या हातात आमचं पुस्तक. मी त्यांचे अंगठे बघत होते, कुठल्या नावावर टेकलेत ते.

तिसरी रेस सुटली. नॉर्थ विंडचं नाव पहिल्या अर्ध्या मिनिटात आलंच नाही. आलं ते शेवटून दुसरा म्हणून. पुढच्यांच्या टापांचा चिखल मागच्याच्या तोंडावर उडतो, मग घोडा पुढे जायलाच बघत नाही. हे मला तेव्हा, तिथे उभ्या उभ्या कळलं. शिंद्यांनी सांगितलं होतं तेच.

शेजारचा एक माणूस पुस्तक मांडीवर आपटत ओरडला, “ह्या पारखीला काय कावीळ झालीय काय रे?”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

चौथी आणि पाचवी साहेबांच्या सिलेक्शनची. त्याही गेल्या. मला वाटलं घरी जावं. शेठ म्हणाले, “थांब. अजून एक तुझी आहे.”

सहावी सुटली आणि पहिलंच नाव आलं क्वाएट लेडी. सगळ्यांच्या पुढे. तिच्या तोंडावर चिखल उडवायला कोणी नव्हतंच. वळणावर सिल्व्हर लान्सर जवळ आला. कॉमेंट्रीवाल्याचा आवाज चढला. “लान्सर घसरतोय,” असं काहीतरी मी मोठ्याने बोलले असेन, कारण दोघंतिघं वळून बघायला लागले. शेवटच्या सरळ भागात त्याचं नाव मागे मागे पडत गेलं आणि तिचं एकटीचं राहिलं. घोडी आरामात जिंकली.

मघाचाच माणूस उड्या मारत होता. “झकास! मानलं रे पारखीला!”

शेठनी कँटीनमधून दोन चहा आणले, एक माझ्या हातात दिला. मालकाने स्वतः चहा आणून दिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. पहिल्या पानावर प्रत्येक रेसखाली एक ओळ वाढवायची ठरली: ‘मैदान ओलं असेल तर’. ती ओळ माझी. महिन्याभराने साहेब बरे होऊन आले. ती ओळ त्यांनी भिंगातून वाचली आणि खुर्ची सरकवून माझं टेबल आपल्या टेबलाला लावून घेतलं.

“आता नॉर्थ विंडचं सांग,” ते म्हणाले. “जिंकलीस ते नको. हरलीस ते सांग.”

मी सांगितलं. त्या दिवसापासून वहीत दोन रकाने वाढले: घोडा पुढून पळतो की मागून, आणि चिखल कुठवर लागतो. शिंदेही घड्याळाइतकेच पाय बघायला लागले.

पुढे मी पंधरा वर्षं ती ओळ लिहिली. बऱ्याचदा बरोबर आली, बऱ्याचदा चुकली. ओल्या मैदानावर कोण जिंकेल हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. कोण रुतेल, ते थोडंफार सांगता येतं. नोकरी टिकायला तेवढं पुरलं.