रिमोटवरची टिकली

मीनल, जरा जवळ सरक आणि मुकाट्याने ऐकून घे, कारण मी रागावले आहे. खारघर आणि ऐरोली यांच्यामध्ये काय समुद्र आहे का गं? गाडी आहे, नवरा हौशी आहे, तरी मावशीच्या घरची पायरी चढायला तुला सवड नाही. आणि काल फोनवर एवढुसा मेसेज: "मावशी, हॉलमधल्या टीव्हीला तो नेटवरचे सिनेमे दाखवणारा बॉक्स घ्यायचाय, तुमच्याकडे आहे तो कसा आहे?" खाली हात जोडल्याचं चित्र. अगं, याचं उत्तर मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून कसं देऊ? तो बॉक्स माझा नाही. तो आमच्या कांबळेबाईंचा. त्याचं सांगायचं तर आधी बाईंचं सांगायला हवं, आणि बाईंचं सांगायला बसले की माझी मान आपोआप ताठ होते. तेव्हा चहा घेऊन बस आणि सगळं वाच.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका मुलीच्या हातांवर नॅपकिन टाकत होत्या. ऐरोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. दिघ्याच्या वस्तीतल्या मुली चालत यायच्या, काही तर सकाळची धुणीभांडी उरकून. मशीनवर बसलं की मुलीची नजर सारखी खाली कळांकडे जायची. बाई मागून यायच्या, खांद्यावरचा निळा नॅपकिन तिच्या दोन्ही हातांवर पसरायच्या आणि म्हणायच्या, "नजर वर! बोटांना डोळे असतात. तू बघत राहिलीस तर ते उघडणार कधी?"

मी शाळा अर्धवट सोडलेली. चाळिशी उलटल्यावर त्या क्लासात गेले तेव्हा पोरी हसल्या. बाई नाही हसल्या. माझ्याही हातांवर नॅपकिन पडला. मी घाबरून म्हटलं, "बाई, मला नाही जमायचं." त्यांनी विचारलं, "सुशीला, भाकरी थापताना परातीकडे टक लावून बसतेस का?"

"नाही."

"गप्पा मारतेस ना?"

"हो."

"मग मार गप्पा आणि थाप." झालं, शिकले मी! आज हे सगळं तुला जे टाइप करते आहे ना, ते खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडाकडे बघत करते आहे.

बाई मूळच्या मराठवाड्यातल्या. लग्न होऊन इकडे आल्या, यजमान तळोज्याच्या कारखान्यात होते. ते गेले, मुलगा राहुल शिकून बंगलोरला लागला, आणि बाई आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये एकट्या राहिल्या. एकट्या म्हणायची पद्धत, बाकी त्यांच्या हॉलमध्ये बायकांचा राबता. संध्याकाळ झाली की मी, ऐरोली गावातल्या यमुनाबाई, समोरची शिंदेकाकू, आम्ही सगळ्या तिथेच. टीव्ही बाईंचा, शेंगदाणे यमुनाबाईंचे, आरडाओरडा माझा. कबड्डीचा सामना असला तर विचारूच नको. बाई पंचाच्या वरताण. "अगं, बोनस दे तिला, बोनस!" असं ओरडून सोफ्याचा हात बडवायच्या.

मग त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाने धरून ठेवायची. बाई मला म्हणाल्या, "कुणीतरी बाहेरून दार हळूहळू लोटत आणतंय गं. मधली फट तेवढी राहिलीय." एवढंच. रडणं नाही, देवाला बोल नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे त्यांनी नव्याने लावून घेतले, डावीकडे साखर, मग चहा, मग पोहे, आणि आम्हाला दम भरला, "डबा हलवेल त्याला या घरात चहा मिळणार नाही."

घर सांभाळलं, पण टीव्हीने दगा दिला. केबलचा तो जुना डबा, त्याच्या रिमोटवर ढीगभर बटणं. एका संध्याकाळी आम्ही कुणीच नव्हतो. बाईंचं बोट भलतीकडे पडलं, टीव्ही मुका झाला आणि पडद्यावर काहीतरी निळं येऊन थांबलं. त्या तशाच बसून राहिल्या. शेवटी राहुलला फोन लावला. तो बंगलोरहून सांगतोय वरचं बटण दाब, खालचं दाब, आणि बाईंना वरचं कुठलं ते दिसत नाही. तो चिडला. चिडला म्हणजे घाबरला गं, लांब राहणारी मुलं घाबरली की चिडतात. म्हणाला, "आई, तुला टीव्हीसुद्धा लावता येत नाही, उद्या गॅसचं काय? बस झालं. मी घ्यायला येतोय. घराला कुलूप लावू."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. आवाज नेहमीचाच. "राहुल पुढच्या महिन्यात येतोय. मी त्याला सांगितलंय, तुझ्यासमोर मी एकटीने टीव्ही लावून दाखवीन. नाही जमलं तर निमूट गाडीत बसेन. जमलं तर घर सोडायचा विषय पुन्हा काढायचा नाही. तो हो म्हणालाय. चल, वाशीला जाऊ."

मला धडकीच भरली. एका टीव्हीवर त्यांनी घर पणाला लावलं होतं.

वाशीच्या दुकानातला तो गृहस्थ बोलायला चांगला होता. "या आंटी, हा बघा, फोर के आहे, पिक्चर एकदम कडक. हा दुसरा बघा, गेमिंगपण चालतं."

"गेम तुम्ही खेळा," बाई म्हणाल्या. "मला रिमोट द्या."

आणि मीनल, पिशवीतून त्यांनी काय काढलं असेल? तोच निळा नॅपकिन! धुऊन धुऊन विरलेला. हातावर टाकला, नजर वर केली आणि नॅपकिनखाली अंगठा फिरवायला लागल्या. दुकानातली माणसं बघत राहिली. पहिला रिमोट सपाट, गुळगुळीत. "हा साबण आहे," म्हणून परत दिला. दुसऱ्याची बटणं इतकी दाटीने की एका बोटाखाली दोन. "ही झोपडपट्टी नको." तिसरा छोटा, मोजक्या बटणांचा, मधे गोल चकती, खाली घराचं चित्र असलेलं बटण. त्यावर अंगठा थांबला.

मग त्यांनी प्रश्न विचारले. पडद्यावर जिथे जाऊ तिथलं नाव हा बोलून सांगतो का? त्या गृहस्थाने सेटिंगमध्ये शोधून ते बोलणं चालू करून दाखवलं. लाइट जाऊन आली तर ते बोलणं तसंच राहतं का? त्याने प्लग काढून परत लावला, राहिलं. "आता टीव्ही मुद्दाम दुसरीकडे न्या, जिथे हा बॉक्स दिसणार नाही अशा ठिकाणी. आणि मला सांगा, कुठल्या एका बटणाने तो परत बॉक्सवर येतो?"

तो गृहस्थ डोकं खाजवायला लागला. "आंटी, हे कुणी विचारत नाही हो." पण भला माणूस, बसला, एकेक करून बघितलं. घराचं बटण दाबलं आणि टीव्ही गुमान बॉक्सकडे वळला. "ओ, हे मस्तय की!" तोच खूश.

"द्या हा," बाई म्हणाल्या.

मागून टीव्हीच्या खाचेत वायर लावणं, वायफायला जोडणं हे शिंदेकाकूंच्या सुनेने केलं. पण पुढची गंमत ऐक. बाईंना सोपं जावं म्हणून यमुनाबाईंनी एका दुपारी, बाई झोपलेल्या असताना, आपल्या पाकिटातल्या खड्यांच्या टिकल्या रिमोटवर चिकटवल्या. एका बटणावर नव्हे गं, सगळ्या बटणांवर! बाई उठल्या, रिमोट हातात घेतला, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"मी केला बाय," यमुनाबाई ऐटीत म्हणाल्या. "एकाला लावायची, दुसऱ्याला नाय, असा कसा? मी सगल्यांना लावल्या."

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, मांडवात सगळ्यांनीच बाशिंगं बांधली तर नवरा ओळखायचा कसा?"

आणि एकेक टिकली नखाने काढायला लागल्या. एकच ठेवली, घराच्या बटणावर. मग आम्हाला समोर बसवून अगदी क्लासातल्यासारखं सांगितलं, "मशीनवर बोटांची एक घरची ओळ असते, आठवतं ना सुशीला? कुठेही जा, परत तिथे यायचं. सगळ्या जागा पाठ नाही करायच्या. एक जागा पक्की करायची. हरवलं की आधी तिथे यायचं, दम घ्यायचा, मग पुन्हा निघायचं."

रोज दुपारी नॅपकिन टाकून सराव चालायचा. डोळे मिटून. वर किती, उजवीकडे किती, कुठे गेलं की कुठला आवाज येतो. तो बॉक्समधला आवाज कधी मराठी बोलायचा, कधी इंग्रजी, नावांचे तर हालच करायचा. बाई त्यालाही शिकवायच्या, "नीट बोल रे, जिभेला हाड नाही ना तुझ्या?" चुकल्या तरी गडबड नाही. म्हणायच्या, "बोट चुकलं तर चालेल, बोट घाबरलं तर नाही."

राहुल आला. चेहरा उतरलेला, एक रिकामी मोठी बॅग बरोबर. ती बॅग दारात बघितली आणि यमुनाबाईंनी माझा हात घट्ट धरला. संध्याकाळी कबड्डीची उपांत्य फेरी होती, मुलींची. हॉल भरलेला. राहुल कोपऱ्यातल्या खुर्चीत. बाईंनी पदर खोचला, सोफ्यावर बसल्या, टीव्ही लावला. आवाज बोलला, बाई सरकल्या, आवाज बोलला, बाई सरकल्या. सामन्याचं नाव आलंच होतं, आणि लाइट गेली.

भर मे महिन्यात आमच्या सेक्टरला ही खोडच. जरा वेळाने लाइट आली, टीव्ही उजळला, आणि काही नाही. आवाज नाही, चित्र नाही, नुसता निळा पडदा. तीच निळी संध्याकाळ गं, राहुलने फोनवरून ऐकलेली. तो खुर्चीतून अर्धा उठला. "आई, असू दे, मी लावतो."

"बस खाली," बाई म्हणाल्या. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण हॉलची शांतता ऐकू येत होती. "घाई आंधळी असते रे. मी नाही."

मांडीवरचा रिमोट उचलला. अंगठा सावकाश फिरला, टिकलीवर येऊन थांबला. दाबला. पडदा एकदा काळा झाला, आणि तो बोलका आवाज आला, आपला नेहमीचा, नावांचे हाल करणारा. कुणाच्या तोंडून पहिला हुंदका आला आठवत नाही. बाई वर, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. मैदान, शिट्टी, आणि चढाईला निघालेली पोरगी.

"आवाज वाढवते," बाई म्हणाल्या, जणू काही झालंच नाही, "शिंदेकाकूंना ऐकू कमी येतं."

राहुल कितीतरी वेळ आईच्या हाताकडेच बघत होता. मग उठला. मला वाटलं बाहेर जातो की काय. स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाला, "सगळ्यांना चहा करतो."

"साखर डावीकडे," बाईंनी पडद्याकडे तोंड ठेवूनच सांगितलं. "आणि डबे हलवू नकोस."

जाताना ती मोठी बॅग भरूनच गेली. बाईंनी त्यात पापड, कुरडया आणि सुनेला साड्या कोंबल्या होत्या. घर सोडायचा विषय राहुलने परत कधी काढला नाही. उलट बंगलोरला ऑफिसात सगळ्यांना सांगायचा म्हणे, माझी आई नॅपकिनखाली टीव्ही लावते. आईचा अभिमान त्याला वाटला, तोही बाईंच्या हॉलमध्ये, आमच्यासमोर, हे मला फार आवडतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाई तिथेच राहिल्या. फट लहान लहान होत बंदच झाली, पण संध्याकाळी टीव्ही लावायच्या त्याच. दुसऱ्या कुणी रिमोटला हात लावला तर "नजर वर!" असा दम. गेल्या थंडीत गेल्या. आपल्या घरात, आपल्या पलंगावर, सकाळचा चहा स्वतः करून पिऊन. शेवटच्या दर्शनाला क्लासातल्या किती मुली आल्या होत्या सांगू! कुणी मंत्रालयात, कुणी कोर्टात, कुणी बँकेत. बघावं तर सगळ्यांची बोटं पदराआड टाइप केल्यासारखी हलत होती. सवय गं ती.

राहुलने घराला कुलूप लावलं नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सुशीलामावशी, संध्याकाळचं चालू ठेवा. डबे हलवू नका." आम्ही बसतो तिथे अजून. बॉक्स तोच, रिमोट तोच, आणि आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू डोकावतोय, तर मीही नॅपकिन घेऊन सराव करते. यमुनाबाई म्हणतात, "दुसरी कांबळेबाई झाली तू." मी म्हणते, व्हायला कुठली, पण शिष्या त्यांचीच.

तर बॉक्स कुठला घेऊ ते असं फोनवर ठरत नाही, पोरी. दुकानात डोळे मिटून हात लाव आणि घे. पण त्याआधी इकडे ये. या रविवारीच ये, नवऱ्यालाही आण, शेंगदाणे यमुनाबाई भाजतील. बाईंच्या सोफ्यावर तुला बसवते, हातांवर नॅपकिन टाकते आणि बघते जमतं का. आणि हो, येताना खड्यांच्या टिकल्यांचं एक पाकीट आण. रिमोटवरची झिजून गुळगुळीत झालीय. नवी तुझ्या हाताने लाव. एकच लाव हं.