ओढ्याचं पाणी हिरवं झालं तेव्हा

सिटीची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, बाई दारात आली तेव्हा मी बाबांसाठी भाकरी थापत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मिशिगनमध्ये ट्रॉयच्या जवळच्या एका लहानशा गावात आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनीअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. माझे बाबा उन्हाळ्यात नागपूरहून आले होते. तळमजल्याखालच्या बेसमेंटमध्ये आधीच्या मालकानं एक खोली आणि बाथरूम बांधून घेतली होती, ती आम्ही त्यांना दिली. मागचं दार थेट ओढ्याकडे उघडायचं आणि आपला आपण निवांत, म्हणून ते खूश होते.

घरामागून एक ओढा वाहायचा. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची नातवंडं रबरी बूट घालून त्यात तासन्तास खेळत. बाबा काठावर खुर्ची टाकून बसत आणि मराठीत त्यांना दगड कसा भिरकावायचा ते शिकवत. मुलांना ते बरोबर कळायचं.

ओढ्याला वास येतो अशी तक्रार गेली होती, म्हणून सिटी एकेक घर तपासत होती. काम साधं होतं. बाई कमोडमध्ये रंगाची पूड टाकणार, फ्लश करणार आणि तिचा माणूस बाहेर ओढ्याशी उभा राहून बघणार. घरातलं सांडपाणी जमिनीखालच्या सीवरमध्ये जायला हवं. रंग ओढ्यात दिसला तर काहीतरी चुकलंय.

"जस्ट रुटीन," ती हसून म्हणाली. वरच्या दोन्ही बाथरूम झाल्या. मग ती बेसमेंटमध्ये उतरली. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि तेवढ्यात मागून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला.

खिडकीतून बघितलं तर ओढा हिरवा झाला होता. पानांचा किंवा शेवाळाचा हिरवा नाही. दुकानातल्या सरबताचा असतो तसा, डोळ्यांत घुसणारा हिरवा. आमच्या काठाखालच्या पाइपातून तो भसाभसा येत होता आणि मुलं घोटाभर पाण्यात उभी राहून टाळ्या पिटत होती. त्यांची आजी धावत आली. तिनं दोघांना दंडाला धरून बाहेर ओढलं, बूट काढून गवतात फेकले आणि आमच्या घराकडे एकदाच बघितलं.

बाबा खुर्चीवरून उठले होते. "काय झालं गं?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. बाईच्या म्हणण्याप्रमाणे आधीच्या मालकानं खालच्या बाथरूमचा पाइप पावसाच्या पाण्याच्या लाइनीला जोडला होता. खालचं सगळं थेट ओढ्यात जात होतं.

"खालचं म्हणजे माझंच," बाबा म्हणाले.

मी तव्यावरची करपलेली भाकरी उतरवली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सिटीनं खालची बाथरूम बंद करायला सांगितलीच होती. पण बाबांनी वरचीही वापरायला नकार दिला. चालत कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरच्या टॉयलेटला जायला लागले. थंडी सुरू झालेली, अंगात नवऱ्याचं जॅकेट, डोक्याला मफलर. मी चिडले, रडले. ते एवढंच म्हणायचे, "पाइप नीट होऊ दे."

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. "आपण थोडीच जोडलाय तो पाइप, यार! वकील बघू, जुन्या मालकावर केस करू." पण जुना मालक वारला होता, आणि नियम स्पष्ट होता. घर ज्याचं, जबाबदारी त्याची. महिन्याभरात दुरुस्ती करा, नाहीतर दंड. इकडे कंत्राटदार म्हणत होता की जमीन गोठायच्या आत खणणं जमणार नाही. मुदत वाढवून हवी असेल तर कौन्सिलपुढे जाऊन मागा, असं त्या बाईनंच सुचवलं.

"मी पण येतो," बाबा म्हणाले.

सिटी हॉल म्हणजे शाळेच्या वर्गाएवढी खोली. समोर मेयर आणि कौन्सिलची माणसं, खाली घडीच्या खुर्च्या. आमच्या आधी कचऱ्याच्या गाडीचे दर वाढवण्यावरून वाद झाला, मग बर्फ उपसण्यावरून. एका माणसानं मेयरला तोंडावर आळशी म्हटलं, आणि मेयरनं ते मान हलवत ऐकून घेतलं! बाबा थक्क होऊन बघत होते. दुसऱ्या रांगेत ओढ्यापलीकडच्या आजी बसल्या होत्या.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ संपली की लाल दिवा लागायचा. मी मुदत मागितली, खर्च घरपट्टीत हप्त्यानं लावता येईल का ते विचारलं. मी बसणार तोच बाबा उठून माइकपाशी आले.

"मी बोलतो. तू इंग्लिशमध्ये सांग."

मला वाटलं, सॉरी म्हणतील. ते म्हणाले, "मी आठ वर्षांचा होतो. शाळेतून येताना फार तहान लागली. विहिरीच्या काठावर भरलेली बादली होती, तिच्यातून ओंजळभर पाणी प्यालो."

मी भाषांतर केलं.

"गावानं मला झाडाला बांधून मारलं. माझ्या बापाला सगळी विहीर उपसायला लावली. मग विहिरीत गोमूत्र शिंपडलं. म्हणाले, यानं पाणी बाटवलं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या घरात शिक्षणाच्या, मोर्च्यांच्या, वसतिगृहाच्या गोष्टी रोज व्हायच्या. ही कधीच झाली नव्हती. आणि आता ती परक्या माणसांपुढे, परक्या भाषेत मलाच सांगायची होती.

"सांग ना," बाबा म्हणाले. मी सांगितलं.

"तेव्हा मी काही वाईट केलं नव्हतं. पाणी होतं तसंच होतं. म्हणून मी कधी कुणाची माफी मागितली नाही. पण इथं खरंच माझी घाण लेकरांच्या पायाखाली गेली. त्याची माफी मागतो. आणि पाइप लवकर नीट करू द्या, एवढंच."

लाल दिवा कधीच लागला होता. कारकून बाईनं मेयरकडे बघितलं, त्यानं हातानंच राहू दे म्हटलं. कौन्सिलमधला एक तरुण पुढे वाकला. "पाणी प्यायला म्हणून मारलं? पण का?"

ज्या शब्दांत मी विचार करत होते ते इंग्लिशमध्ये नव्हतेच. "बिकॉज ऑफ व्हेअर ही वॉज बॉर्न," मी कसंबसं म्हटलं. तो मागे टेकला.

वसंतापर्यंत मुदत मिळाली, हप्तेही. तोवर खालची बाथरूम बंद. आमच्यानंतर लगेच रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय निघाला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या आजींनी आम्हाला गाठलं. बाबांकडे बघतच त्यांनी मला विचारलं, "त्या विहिरीचं पाणी नंतर त्यांना कधी मिळालं का?"

मी मराठीत सांगितलं, तशी बाबांनी मान हलवली. "नाही. त्या बाजूनं मी परत गेलोच नाही."

आजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

परतताना नवरा ड्राइव्ह करत होता. मला राहवेना. "बाबा, मला का नाही कधी सांगितलंत?"

"तुला पोहायला शिकवत होतो तेव्हा सांगणार होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, तू पाण्याला भिशील."