सायप्रस की रेडवुड

मागच्या अंगणात आले की काका हातातली काठी चिखलात खुपसायचे आणि ती किती आत गेली ते मला दाखवायचे. "बघ, वीतभर गेली. इथे साधंसुधं झाड टिकायचं नाही."

शिकागोजवळ आमची दोघांची घरं शेजारी-शेजारी. दोन्ही अंगणांचा उतार एका खोलगट जागी येतो आणि बर्फ वितळला की तिथे पाणी साचतं. त्या जागेसाठी काकांनी दोन झाडं हेरली होती, डॉन रेडवुड आणि बाल्ड सायप्रस. माणूस निवृत्त हार्ट सर्जन, पण चौकशी अशी की जणू घरात लग्नाचं स्थळ आलंय. थंडी दोघंही सोसतात. रेडवुड भराभर वाढतं, पण साचलेलं पाणी त्याला फारसं मानवत नाही. सायप्रस पाण्यात खुशाल उभं राहतं, वाढतं मात्र सावकाश.

"मला रेडवुडच बरं. वय बघ माझं, सावलीत बसायला मिळालं पाहिजे." दुसऱ्या दिवशी पुन्हा सायप्रसचं कौतुक. मी वैतागायचे. "काका, एकदाचं फायनल करा ना यार." तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, ज्याला निर्णयापेक्षा चर्चाच प्यारी.

काकू गेल्या आणि कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणाऱ्या मुलीने आपल्याकडे येण्याचा लकडा लावला. "बाबा, यू कान्ट लिव्ह अलोन." काकांना घर सोडायचं नव्हतं. हे ते मला बोलले, तिला नाही. शेवटी घर विकलं गेलं.

त्याच आठवड्यात ते सायप्रसचं रोप घेऊन माझ्या दारात उभे. "तुझ्या बाजूला लावू या. दिसतं पाइनसारखं, पण हिवाळ्यात पार झडतं. नवे लोक मेलं समजून तोडून टाकतील."

"आणि रेडवुड?"

"आता मला कसली घाई?"

फावडं मीच चालवलं. माती लोटताना रडले, सरळ सांगते. ते नसतील या विचारानेच अंगण भकास वाटत होतं.

आता रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो आणि मी फोन झाडासमोर धरते. यंदा ते जरा उशिराच हिरवं झालं. "छान आहे," काका म्हणाले. मग हळूच, "जरा उजवीकडे फिरव."

उजवीकडे त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. नव्या लोकांनी तिला पिवळे पडदे लावलेत.

पलीकडून मुलीने हाक मारली, "बाबा, लंच." "आलो," म्हणाले, पण फोन ठेवेनात. मीही हात खाली घेतला नाही.