धोंड्याच्या ताटातलं मशीन

आमच्या दाजींना रिकामी भिंत बघवत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शिवगंगाताईचे यजमान, मन्मथअप्पा. तेलगावात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं पितळी घागरीपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मिळतं, फक्त दाजी मिळत नाहीत. ते कुणाच्या तरी घरात स्टुलावर उभे असतात. खांद्याला काळी पिशवी, आणि पिशवीत बॅटरीवर चालणारी दोन छोटी मशीनं. एक भोक पाडायचं, दुसरं स्क्रू आवळायचं. दिसायला दोन्ही सख्खी भावंडं. पण कुणी चुकून "दोन्ही एकच की" असं म्हणालं, तर दाजी हातातला चहा खाली ठेवतात. मग ड्रिल कसं नुसतं फिरतं आणि इम्पॅक्ट कसं फिरता फिरता आतून ठोके देतं, त्यामुळं गंजलेला स्क्रूसुद्धा कसा मुकाट्यानं बाहेर येतो, हे सगळं समजावून सांगतात. तोवर चहावर साय धरते. मी हे भाषण इतक्या वेळा ऐकलंय की दाजी आजारी पडले तर त्यांच्या जागी मी उभा राहू शकेन.

हे मशीन त्यांना आम्हीच दिलं, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करणार? मागच्या धोंड्याची गोष्ट. धोंड्याचा महिना आला की जावई म्हणजे विष्णूचं रूप. खरं तर आम्ही वीरशैव. गळ्यात लिंग, देव्हाऱ्यात महादेव. पण तीन वर्षांतून एकदा, एका महिन्यापुरतं आणि एका माणसापुरतं आम्ही विष्णूलाही घरात घेतो, पाटावर बसवतो आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालतो. त्या वर्षी आईनं फोन करून विचारलं, अंगठी करू का घड्याळ घेऊ? दाजी म्हणाले, बॅटरीचं मशीन घ्या, जोडीचं. आईनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं रेंज गेली.

तिची अडचण निराळीच होती. जावयाला लोखंड कसं द्यायचं? शेवटी तिनं आपल्यापुरता तोडगा काढला. तांब्याचं मोठं ताट घेतलं, त्यात तेहेतीस अनारसे मांडले, मधोमध दोन्ही मशीनं ठेवली, दिवा लावला आणि दोघांनाही हळदीकुंकू वाहिलं. कुंकू सढळ हातानं वाहिलं. ते बॅटरीच्या खाचेत गेलं आणि आमचा विष्णू नवीन कपड्यांत, पाटावर बसल्या बसल्या, गाल फुगवून मशीनमध्ये फुंकर मारत राहिला.

तेव्हापासून दाजींचा संसार वाढला. तेलगावात कुणाचं घड्याळ, कुणाची फोटोफ्रेम, कुणाच्या पडद्याची दांडी. पाव्हण्यांकडं जेवायला गेले तरी हात धुता धुता नजर भिंतीवरून फिरते. लोडशेडिंग झालं की माणसं वैतागतात, दाजी खुलतात. गावातली सगळी वायरवाली मशीनं मुकी झालेली असतात आणि यांचं एकट्याचं गुरगुरत असतं. ताई म्हणते, माझ्याशी लग्न केलं तेव्हासुद्धा एवढे हसले नव्हते.

पण या सगळ्या मुलखात एकच घर असं होतं की जिथं दाजींना साधा खिळा ठोकायची परवानगी नव्हती. ते आमचं, धर्मापुरीचं. सासुरवाडीत जावयानं काम करायचं म्हणजे काय? आईच्या राज्यात जावई आला की गादीवर बसतो, पंखा त्याच्याकडं वळवला जातो, आणि तो पाणी प्यायला स्वतः उठला तरी माझा उद्धार होतो. दाजी आमच्या बैठकीत बसून समोरच्या भिंतीकडं असं बघायचे, जसं उपासाच्या दिवशी माणूस भजीच्या गाड्याकडं बघतो.

आता मूळ गोष्टीकडं येतो. संक्रांतीच्या सुमाराला आमची आई न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण मन धसकलं. न्हाणी मागच्या अंगणात आहे, आमच्या वडिलांनी, अण्णांनी, जायच्या आधी शेवटच्या वर्षी हौसेनं निळ्या फरशा लावून घेतलेली. आईची अंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा नाही, आणि पूजेशिवाय पोटात चहासुद्धा नाही. म्हणून माझी बायको रुद्राणी रोज तिच्यासोबत आत जायची. दार अर्धवट उघडं, रुद्राणी पाठ करून उभी, एक हात मागं आईच्या दंडाला. आई म्हणजे आयुष्यभर आतून कडी लावून अंघोळ केलेली बाई. आता अंगावर लुगडं ठेवून दोन तांबे ओतून घ्यायची आणि बाहेर यायची. रुद्राणीला कधी वावगं बोलली नाही, पण एकदा मला म्हणाली, "पप्पू, माणसाला दिवसातून एकदा तरी कडी लावता आली पाहिजे रे." मला फार वाईट वाटलं.

इलाज केले. मिस्त्री आणला. तो म्हणाला, धरायला दांडी बसवतो, पण फरशी तडकली तर मी जबाबदार नाही. आईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं; अण्णांच्या फरशीला ती परक्या हाताची हातोडी लागू देणार नव्हती. मग मी मोबाईलवरून भिंतीला रबरानं चिकटणारी दांडी मागवली. ती चिकटली. मी धरून बघितलं तर दांडी माझ्या हातात आणि मी बादलीत. त्यानंतर घरात माझ्याकडं कुणी सल्ला मागायला आलं नाही.

अशात यंदाचा धोंडा आला. यंदा काय घेऊ ते विचारायला आईनं ठरल्याप्रमाणं ताईच्या घरी फोन केला. दाजी म्हणाले, आल्यावर सांगतो. दोघं आले. दाजींचे पाय धुतले, पाटावर बसवलं, ताट वाढलं, धोंड्यांवर तूप सोडलं. आणि दाजी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

जावई रुसला होता. हा त्याचा हक्कच असतो. धोंड्याच्या पाटावर कुणाचा जावई साखळीसाठी रुसतो, कुणाचा मोटारसायकलसाठी. आईचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, काही राहिलं का?

"मामी, मला अंगठी नको, कापडं नको," दाजी म्हणाले. "तुमच्या न्हाणीत दांडी बसवू द्या. तवर मी घास उचलत न्हाई."

"पाव्हणं, असं कावून करता? गाव काय म्हणंल? जेवायला बोलावलं आन न्हाणी कोरायला बसवलं."

आजवर कामासाठी रुसलेला जावई आमच्या भावकीत कुणी पाहिला नव्हता, त्यामुळं त्याची समजूत कशी काढायची हेही कुणाला माहीत नव्हतं. जावयाचा घास झाल्याशिवाय बाकीच्यांना ताटं नाहीत. धोंडे गार व्हायला लागले. ताई नवऱ्याला डोळ्यांनी दटावत होती, तो तुपाच्या वाटीकडं बघत होता. भूक मलाही लागली होती, आणि मनातून मी दाजींच्या बाजूला गेलो होतो. साक्षात विष्णूला उपाशी कसं ठेवायचं, या पेचात आई देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. उठली ती अटी घेऊनच. मागचं दार लावून घ्यायचं. शेजारच्या कौशल्याबाईला कळता कामा नये. आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रुद्राणीनं मिक्सर चालू ठेवायचा.

दाजी जेवले. इतकं भराभर जेवलेला जावई मी पाहिलेला नाही.

काम सुरू व्हायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. मिक्सर बंद, टीव्ही बंद, पंखे बंद, सगळी गल्ली सुनसान, आणि त्या शांततेत आमच्या न्हाणीतून दाजींचं मशीन सुरू झालं. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून कौशल्याबाईनं विचारलं, की सुभद्राबाई, एवढा कशाचा आवाज? आमची आई जन्मात खोटं बोललेली नाही. त्यामुळं तिला सवय नव्हती.

"पाव्हणं झोपलेत," ती म्हणाली. "लई घोरतात."

कौशल्याबाईला ते पटलं असावं. ती म्हणाली, नाकात तूप सोडा.

आत मी दाजींना हात देत होतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी त्यांची थट्टा करायची विसरलो. नवीन पायजमा ओल्या जमिनीवर, गुडघे दुमडलेले, आणि हा जाडजूड माणूस अण्णांच्या निळ्या फरशीवर कागदी चिकटपट्टी लावत होता, म्हणजे मशीनचं टोक घसरायला नको. मग अगदी हळू, थांबून थांबून, वर पाण्याचे थेंब टाकत त्यांनी भोक पाडायला घेतलं. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. एक बॅटरी संपली, दुसरी घातली. एकाही फरशीला तडा गेला नाही. भोकात प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, त्यात स्क्रू फिरवले, स्टीलची दांडी बसली. दाजींनी ती दोन्ही हातांनी धरली आणि आपलं सगळं वजन टाकलं. दांडी जागची हलली नाही. मला त्या माणसाविषयी अशी माया दाटून आली की मी लगेच चहा सांगायला बाहेर गेलो.

मी थांबायला पाहिजे होतं. कारण माणूस आनंदात असला की त्याला आणखी काम दिसतं. दाजींना दाराची कडी सैल दिसली. आडवी सरकवायची लोखंडी कडी, लाकडी दारावर आतून चार स्क्रूंनी बसवलेली. त्यांनी इम्पॅक्ट उचललं. त्याला बंदुकीला असतो तसा घोडा असतो. तो थोडा दाबला तर काम हलकं होतं, पूर्ण दाबला तर मशीन कुणाचं ऐकत नाही. दाजींनी पूर्ण दाबला. चारही स्क्रू लाकडात रुतले आणि कडीची पट्टी दबली. हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

पाव्हणे त्या दिवशी मुक्कामाला राहिले. सकाळी आई टॉवेल आणि लुगडं घेऊन न्हाणीकडं निघाली. रुद्राणी नेहमीसारखी मागोमाग गेली. आईनं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि दार लोटलं. कडी सरकेना. आईनं जोर लावला असणार, कारण मग खाडकन आवाज आला आणि कडी बसली. आम्ही सगळे अंगणात उगीचच काहीतरी करत होतो. ताई वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालत होती.

पाण्याचा आवाज सुरू व्हायच्या आधीच आईनं हाक मारली. एवढ्या जोरानं बसलेली कडी निघते का म्हणून तिनं ती काढून बघितली, तर कडी निघत नव्हती. रुद्राणीनं बाहेरून ढकललं, मी ढकललं. दार तसंच. दाजी ब्रश तोंडात घेऊन धावत आले, कडीचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ताई त्यांना जे बोलली ते धोंड्याच्या महिन्यात विष्णूला बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, दार फोडतो.

"कुणी काय फोडू नका," आतून आई म्हणाली. "दांडीला धरून बसलेय मी. आधी मला अंघोळ करू द्या. लई दिवसांनी निवांत बसायला गावलंय."

मग ती अंघोळ करत राहिली. आम्ही चौघं दाराबाहेर उभे, दाजींच्या हातात इम्पॅक्ट, आणि आतून तांब्यामागून तांब्या पाण्याचा आवाज येत होता. मध्येच आई काहीतरी गुणगुणली. तिला गुणगुणताना मी अण्णा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. रुद्राणीनं डोळ्याला पदर लावला. मी तिच्याकडं न बघता दाजींनाच विचारलं की आता काय करायचं.

स्क्रू आतल्या बाजूला होते. म्हणजे ते काढणार आईच. आईचं लुगडं नेसून झाल्यावर मी स्टूल आणलं. न्हाणीच्या वरच्या अंगाला हवेसाठी एक झरोका आहे. दाजी स्टुलावर चढले, भिंतीकडं पाठ केली, डोळे मिटले, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेलं मशीन खांद्यावरून मागं झरोक्यात धरलं. आईनं ते घेतलं. हात कोरडे करा, दाजी म्हणाले, आणि मग सवयीनं सुरू झाले, की मामी, हे इम्पॅक्ट हाय, ड्रिल न्हाई, या दोन्हीत फरक असा की...

"भाषण नको," आई म्हणाली. "कुठं दाबू ते सांगा."

घोड्याच्या वरचं आडवं बटण दुसऱ्या बाजूला ढकलायचं म्हणजे मशीन उलटं फिरतं, टोक स्क्रूच्या खाचेत बसवायचं, जोर देऊन धरायचं आणि घोडा हळू दाबायचा, एवढं दाजींनी सांगितलं. आतून गुरगुर झाली. मग टणटण ठोके. मग एक स्क्रू पत्र्याच्या बादलीत पडल्याचा आवाज. दुसऱ्या स्क्रूला तिनं काही विचारलं नाही. तिसऱ्याच्या वेळी दाजी काहीतरी सांगायला गेले तर आतून आवाज आला की कळलं. चौथा पडल्यावर तिनं मशीन उगीचच एकदा मोकळं फिरवून बघितलं.

दार उघडलं. आई बाहेर आली. केस ओले, लुगडं नीट नेसलेलं, एका हातात मशीन, दुसऱ्या हातात वाकलेली कडी. ताई पुढं झाली, दंड धरायला. आईनं तिला कोपरानं बाजूला केलं आणि दोन्ही वस्तू दाजींच्या हातात दिल्या.

"पाव्हणं, ही सरळ करून परत बसवा," ती म्हणाली. "पर जरा बेतानं आवळा. उद्या मला परत लावायचीय."

दाजी मान खाली घालून उंबऱ्यावर बसले आणि हातोडी मागितली. मागचं दार सताड उघडं होतं, गल्लीतून जाणारा-येणारा आमच्या जावयाला न्हाणीच्या दारात बसलेला बघत होता. आई ते मागचं दार लावायला गेली नाही. ती केस पुसत उन्हात उभी राहिली.